ओशूनची लेक

पहिल्या दिवशी त्यांनी आपलं नाव सांगितलं ते मला "झेनाइजी" असं ऐकू आलं. स्वतःच स्वतःला "जी" लावणारी ही कोण बाई, असं माझ्या मनात आलं. कागदावर नाव झेनाइदे होतं. त्या ब्राझीलच्या बाहिया प्रांतातून आलेल्या, आणि तिकडे शेवटच्या "दे"चा उच्चार "जी" होतो, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं. स्वयंपाकघरातले डच लोक कागदावरचंच नाव घ्यायचे. मी मात्र ऐकलं होतं तेच म्हणत राहिले. आमच्याकडे "जी" कुणाला लावतात ते एकदा मी त्यांना समजावून सांगितलं, तेव्हापासून माझ्याकडून दुसरा उच्चार त्यांनी खपवून घेतला नाही.

आइंडहोव्हनजवळच्या न्यूनेन गावात, वृद्धांच्या एका निवासगृहात आम्ही दोघी स्वयंपाकघरात होतो. लग्नानंतर मी पुण्याहून तिथे आले तेव्हा नवरा आइंडहोव्हनला इंजिनियर होता आणि मी त्याच्या व्हिसावरची बायको. सूक्ष्मजीवशास्त्रातली एम.एस्सी. माझ्या फाइलमध्ये होती, पण डच येत नाही म्हणून दीड वर्ष एकही प्रयोगशाळा मला बोलवेना. भाषेच्या वर्गातल्या शिक्षिकेने सुचवलं, की जिथे बोलल्याशिवाय भागणार नाही असं काहीतरी काम धर. म्हणून आठवड्यातून चार सकाळी मी बटाटे सोलू लागले. झेनाइजी तिथे माझ्या आधी अकरा वर्षं होत्या. साठीच्या जवळपास वय, रुंद बांधा, डोक्याला घट्ट पांढरं फडकं. स्वयंपाकघरात दागिने चालत नसत, म्हणून पिवळ्या काचमण्यांची एक लांब माळ त्या कापडी पिशवीत घालून एप्रनच्या खिशात ठेवायच्या. कामाच्या मध्येच खिशावर हात नेऊन ती जागेवर आहे ना हे चाचपायच्या.

आमची बोलायची भाषा डच, आणि ती दोघींचीही मोडकी. त्यांचं पोर्तुगीज वळणाचं, माझं मराठी वळणाचं. तिसऱ्या माणसाला ते डच आहे हे ओळखता आलं नसतं. पण शब्द कमी असल्याचा एक फायदा होता. गोल गोल बोलायला जमतच नसे. देव, मरण, राग, भूक, घर असे दहा-पंधरा शब्द घेऊन आम्ही त्यातच सगळं बसवायचो.

शुक्रवारी त्या डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या असत. स्वयंपाकघराचा गणवेश पांढराच असल्यामुळे हे अकरा वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या आलं ते मिठामुळे. शुक्रवारी त्या मीठ खात नसत, त्यामुळे सूपची चव बघायचं काम माझ्याकडे आलं. माझ्या हातचं सूप थोडं खारट आणि बरंच मिरेदार व्हायचं. महिन्याभरात वरच्या मजल्यावरच्या आज्या शुक्रवारच्या सूपची वाट बघायला लागल्या. झेनाइजींना याची गंमत वाटे. शुक्रवार ज्याचा, त्या ओशाला नावाच्या म्हाताऱ्या देवाला सगळं पांढरं, शांत आणि अळणी लागतं, आणि त्याच्याच दिवशी तू इथे मिरे उधळतेस, असं त्या म्हणायच्या.

त्यांचा धर्म कांदोम्ब्ले. गुलाम म्हणून जहाजांत कोंबून ज्यांना आफ्रिकेतून ब्राझीलला नेलं, त्या माणसांनी आपले देव बरोबर नेले आणि चारशे वर्षं लपवूनछपवून सांभाळले, त्या देवांची ही उपासना. या देवांना ओरिशा म्हणतात. प्रत्येक माणसाचं डोकं कुणातरी एका ओरिशाच्या मालकीचं असतं. झेनाइजींचं डोकं ओशूनचं होतं. ओशून ही गोड्या पाण्याची देवी, नद्यांची. तिचा रंग पिवळा, तिला मध आवडतो, आरसा आवडतो. "म्हणून मी या देशात टिकले," त्या म्हणाल्या होत्या. "इथे जिकडे बघावं तिकडे गोडं पाणी आहे."

रोज सकाळी घरातून निघताना त्या दारासमोर तांब्याभर पाणी शिंपडायच्या. रस्ता थंड करायचा, म्हणजे दिवसभर आपल्याला आणि आपल्यामुळे दुसऱ्याला चटका बसत नाही. त्यांनी हे सांगितलं तेव्हा मी हसले. आमच्याकडे याला सडा म्हणतात, हे सांगायला मला डच शब्द सापडेना, म्हणून हातानेच करून दाखवलं. जानेवारीत मात्र पंचाईत झाली. पाण्याचा बर्फ झाला आणि शेजारचे मेनेर यान, म्हणजे यानसाहेब, निवृत्त पोस्टमन, त्यावरून घसरता घसरता वाचले. ते तक्रार करायला आले. झेनाइजींनी त्यांना आत बोलावून कॉफी दिली आणि पाणी कशासाठी ते सांगितलं. मेनेर यान तासभर बसले. दुसऱ्या दिवसापासून त्या पाणी शिंपडून बस पकडायला गेल्या की मेनेर यान बाहेर येऊन त्यावर मिठाची पिशवी रिकामी करायचे. दोन हिवाळे मी हे माझ्या सायकलवरून जाता-येता बघितलं. दोघांनाही यात काही विचित्र वाटत नव्हतं.

डोक्याला त्या कुणाला हात लावू देत नसत. केशकर्तनालयात गेल्या नाहीत, डॉक्टरने कपाळाला हात लावला तरी मागे सरायच्या. अपवाद एकच, दुसऱ्या मजल्यावरच्या मेव्रौ आनी, म्हणजे आनीबाई. त्यांना विस्मरणाचा आजार होता आणि झेनाइजी म्हणजे आपली धाकटी बहीण असं त्या धरून चालायच्या. जेवणाचा ट्रे घेऊन गेलं की त्या झेनाइजींचं डोकं कुरवाळायच्या आणि झेनाइजी ट्रे धरून वाकून उभ्या राहायच्या. मी विचारलं, हे कसं चालतं. त्या म्हणाल्या, "त्या हातांना माझ्याकडून काही नको असतं."

एका मंगळवारी एका प्रयोगशाळेचा नकार आला. बहुतेक चौदावा किंवा पंधरावा. मी गाजरं वेडीवाकडी चिरत होते. झेनाइजी जवळ आल्या आणि विचारलं, "आज डोक्याला काय खाऊ घातलंस?" मला वाटलं नाश्त्याचं विचारतायत. मी ब्रेड म्हणाले. त्यांनी मान हलवली. मग सूप उकळेपर्यंत त्या सांगत राहिल्या. त्यांच्याकडे सगळ्या देवांच्या आधी डोकं. ते स्वतःच एक दैवत. ते उपाशी असेल तर कुठलाही ओरिशा तुमच्यासाठी काही करू शकत नाही. त्यांच्या ठाण्यावर, म्हणजे देवस्थानात, डोक्याला जेवू घालायचा एक विधी असतो. माणसाला पांढऱ्या कपड्यांत चटईवर निजवतात, डोक्याला पाणी, खोबरं, शिजवलेला पांढरा मका देतात आणि मग त्याला कुणी उठवत नाही, काम सांगत नाही. माणूस नुसता पडून राहतो.

मी म्हटलं, मग माझं करा. त्या एकदम गंभीर झाल्या. म्हणाल्या, मला तो अधिकार नाही. माझं सात वर्षांचं राहून गेलं आहे. एवढंच म्हणून त्यांनी विषय बदलला. दुपारी जाताना त्यांनी मला एक नारळ दिला. घरी जा, पांढरं काहीतरी घाल, हे खा, फोन दुसऱ्या खोलीत ठेव आणि झोप. हा विधी नाही, हे माझं सांगणं आहे, असंही बजावलं. मी शास्त्र शिकलेली मुलगी. पण नारळ खाल्ला, नवऱ्याचा पांढरा सदरा घातला आणि दोन वाजता झोपले ती सहाला उठले. कित्येक महिन्यांत अशी झोप लागली नव्हती.

त्यानंतरच्या मार्चमध्ये साथ आली आणि निवासगृहाचे दरवाजे बंद झाले. नातेवाइकांना आत यायची बंदी. मुलं-नातवंडं बागेत उभी राहून काचेतून हात हलवायची. पहिल्या काही आठवड्यांत बऱ्याच खोल्या रिकाम्या झाल्या. ट्रेवर चिकटवायच्या नावांच्या चिठ्ठ्या रोज सकाळी छापून यायच्या आणि त्यातलं कोणतं नाव आज नाही, हे आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता बघून घ्यायचो.

एका सोमवारी झेनाइजींनी मोठ्या पातेल्यात मक्याच्या लाह्या फोडल्या. मीठ नाही, लोणी नाही. पहिला वाडगा घेऊन त्या मागच्या दाराने बागेत गेल्या आणि झुडपाखाली मातीवर ओतून आल्या. आमच्या व्यवस्थापिका मार्लेन यांनी ते वरून पाहिलं आणि खाली आल्या. असं केलं तर उंदीर येतील, असं त्या म्हणाल्या आणि हे काय चाललं आहे ते विचारलं. झेनाइजींनी सांगितलं. त्यांचा एक देव आहे, रोगाचा आणि रोग बरा करण्याचाही. त्याच्या अंगावर देवीच्या व्रणांसारखे व्रण, म्हणून तो गवताच्या झालरीखाली अंग झाकून घेतो. सोमवार त्याचा. त्या व्रणांची एकदा फुलं झाली, तीच या लाह्या.

मी सिंकजवळ उभी होते. मी नळ बंद केला. श्रावणात नागपंचमीला आमच्याकडे लाह्या फोडतात, आणि रोगाला देवी म्हणून तिची ओटी भरणारी माणसं माझ्याही घरात होऊन गेली. पण ते मी कधी असं कुणासमोर उभं राहून सांगितलं नव्हतं. कॉलेजात गेल्यापासून तर नाहीच.

मार्लेननी मागच्या दारातून झुडपाकडे बघितलं. मग म्हणाल्या, जमिनीवर नको. पक्ष्यांना दाणे ठेवतो त्या उंच फळीवर ठेव. तेव्हापासून दर सोमवारी पहिला वाडगा फळीवर. लाह्यांचा वास जिन्यातून वर जायचा आणि खोल्यांत कोंडलेली माणसं विचारायला लागली, हा वास कसला. मग देवासाठी अळणी आणि वरच्या मजल्यांसाठी लोणी-मीठ घातलेल्या, अशा दोन खेपा होऊ लागल्या. जूनमध्ये दरवाजे उघडले तेव्हा मी त्यांना विचारलं, की लाह्यांचा काही उपयोग झाला असं वाटतं का. त्या म्हणाल्या, ते मला माहीत नाही. भीती सगळ्या इमारतीत फिरत होती, तिला सोमवारी बसायला एक जागा मिळाली.

त्या उन्हाळ्यात त्यांनी मला पहिल्यांदा घरी बोलावलं. बैठकीच्या कोपऱ्यात कमरेएवढ्या फळीवर पिवळं कापड होतं, मधाची बाटली, छोटा आरसा, सूर्यफुलं, आणि मध्यभागी झाकणाचं एक मोठं चिनी मातीचं भांडं. निळ्या फुलांचं, जुन्या वस्तूंच्या दुकानात मिळतं तसलं डच सूपचं भांडं. त्यांनी माझ्यासमोर झाकण उचललं. आत स्वच्छ पाणी होतं, दुसरं काही नाही.

"भरलेलं असतं तर तुला दाखवलं नसतं," त्या म्हणाल्या.

मग खिडकीशी बसून त्यांनी सगळं सांगितलं. बाहियातल्या एका नदीकाठच्या गावात त्यांची दीक्षा झाली तेव्हा त्या चौतीस वर्षांच्या होत्या. त्याआधी दोन वर्षं आजारी. दीक्षा देणाऱ्या बाईंना आई म्हणतात, आणि त्यांच्या पोर्तुगीजमध्ये आईला म्हणतात मांय. विदर्भातली माणसं म्हणतात जवळजवळ तसंच. यांच्या मांय इल्झा. दीक्षेच्या वेळी नदीतला एक दगड निवडून त्यात तुमची देवी बसवतात, तो दगड भांड्यात ठेवतात आणि ती भांडी ठाण्यावर मांयच्या ताब्यात राहतात. दर वर्षा-दोन वर्षांनी काही विधी. सातव्या वर्षीचा सगळ्यात मोठा. तो झाला की माणूस पूर्ण होतो, वडीलधाऱ्यांत बसतो, दुसऱ्याच्या डोक्याला हात लावू शकतो.

सातवं वर्ष लागलं आणि त्याच वर्षी एका डच माणसाने त्यांना लग्नाचं विचारलं. मांय इल्झा म्हणाल्या, आधी विधी कर, मग जा. तीन महिने थांबावं लागणार होतं. झेनाइजी थांबायला तयार नव्हत्या. भांडण झालं. शेवटी ठाण्याच्या अंगणात, बाकीच्या सगळ्या बायकांसमोर, त्या म्हणाल्या, "तुमचे दगड आणि तुमच्या ताटल्या तुमच्याजवळ ठेवा, मला माझं आयुष्य जगायचं आहे." आणि त्या निघाल्या. मांय इल्झा उठल्या. आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

लग्न चार वर्षं टिकलं. त्यानंतरही त्या इथेच राहिल्या. काही वर्षांनी एका मावसबहिणीने कळवलं, की मांयला तुझं इतकं लागलं आहे की तुझं नाव घेतलं की ती उठून जाते. जो परत येणार नाही त्याची भांडी वाहत्या पाण्यात सोडून देतात, हे झेनाइजींना माहीत होतं. आपली भांडी केव्हाच नदीत गेली, असं त्यांनी धरलं. तरी दर शनिवारी त्या रिकाम्या भांड्यातलं पाणी बदलत होत्या. मी रिकाम्या घरापुढे पाणी ठेवते, असं त्या म्हणाल्या.

मी धीर करून विचारलं, की ओशून अंगात येते का. अंगात येणं याला आम्ही डचमध्ये काहीतरी जुळवून घेतलं. माझ्या आत्याच्या अंगात यायचं आणि पाहुणे आले की तिला मागच्या खोलीत बसवायचे, हेही मी सांगितलं. त्यांना आत्याचं वाईट वाटलं. मग म्हणाल्या, तिकडे यायची. ती येते तेव्हा मी नसते, म्हणून ती कशी आहे ते मला विचारू नको, ज्यांनी पाहिलं त्यांना विचार. इथे ती एकदाही आली नाही. रॉटरडॅमजवळ ब्राझीलच्या लोकांचं एक लहान ठाणं आहे, तिथे त्या एकदा जाऊन आल्या होत्या. ढोल सुरू झाल्यावर त्यांना रडू यायला लागलं, म्हणून मागच्या मागे उठून आल्या.

निघताना त्यांनी विचारलं, तुझ्या आईने लग्नात तुला देव दिला असेलच, तो कुठे आहे. अन्नपूर्णा रुमालात गुंडाळून बॅगेत होती, पलंगाखाली. हे ऐकून त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की घरी आल्यावर आधी मी ती बॅग ओढून काढली.

यानंतर दोन वर्षांनी, एका ऑक्टोबरमध्ये, मावसबहिणीचा निरोप आला. मांय इल्झा घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. वय एकोणनव्वद. ठाण्यावर दीक्षा घेतलेल्या, लांब राहणाऱ्या मुली फोन करताहेत. खाली नंबर होता. झेनाइजींनी मला तो निरोप दाखवला, फोन खिशात ठेवला आणि कोबी चिरायला घेतला. तीन आठवडे त्यांनी फोन केला नाही. आधी म्हणाल्या, ती आजारी आहे, त्रास नको. मग म्हणाल्या, वेळेचा फरक आहे. स्टॅम्पॉटसाठी, त्या डच बटाटा-भाजीच्या लगद्यासाठी, बटाटे कुस्करताना त्यांचा हात मध्येच थांबायचा. एकदा त्यांनी अॅपलसॉसमध्ये मीठ घातलं. रात्री झोप येत नाही असं म्हणणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या, पण डोळे सांगत होते. बाई आज ना उद्या जाणार, आणि आपलं शेवटचं वाक्य ते अंगणातलं राहणार, याची त्यांना धास्ती होती. आणि फोन केला तर ते वाक्य पलीकडून ऐकावं लागेल, याचीही.

एका शनिवारी दुपारी त्या अचानक माझ्या दारात उभ्या राहिल्या. पांढरे कपडे, गळ्यात माळ. माझ्या घरून फोन केला तर तो ओशूनच्या समोर होईल, तुझ्या घरून करते, असं म्हणाल्या. मी दुसऱ्या खोलीत जाऊ लागले तर त्यांनी मनगट धरलं.

"तू इथेच बस. तुला पोर्तुगीज कळत नाही, म्हणून तर आले."

त्यांनी बूट काढले, मोजे काढले आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर अनवाणी उभ्या राहून नंबर लावला. कुणीतरी उचलला. झेनाइजींनी नाव सांगितलं. मग वाट बघणं. पलीकडे कोंबडा ओरडत होता, तिकडे सकाळ होती. मग खुर्ची सरकवल्याचा आवाज आणि एक बारीक, खरखरीत आवाज. झेनाइजी एवढ्या हळू बोलल्या, की मला फक्त "मांय" ऐकू आलं. त्या वाकल्या होत्या, जणू समोर कुणी बसलं आहे. मग एक लांबलचक वाक्य त्या न थांबता म्हणाल्या, तोंडपाठ केल्यासारखं. त्यात तीनदा मांय आलं.

पलीकडे पुन्हा कोंबडा ओरडला.

मग तो बारीक आवाज बोलायला लागला. बराच वेळ. झेनाइजींनी ओट्याला हात टेकला. हळूहळू खाली बसल्या, फरशीवर, पाय पसरून, आणि तोंडावर हात धरला. मला वाटलं, संपलं. बाईने जे बोलायला नको ते बोलून टाकलं. मी पाण्याचा पेला भरून पुढे केला, तर त्या हसत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि सगळं अंग हसण्याने हलत होतं. पलीकडची म्हातारी रागावून काहीतरी विचारत होती आणि यांना उत्तर देता येत नव्हतं.

फोन ठेवल्यावर त्यांनी मला डचमध्ये सांगितलं, तुकड्या तुकड्यांत. मांयने माफीचं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, बरं झालं तूच फोन केलास, मला तुला एक सांगायचं होतं आणि कसं सांगावं कळत नव्हतं. तुझ्या भांड्याच्या झाकणाला चीर गेली आहे. मांजरीने पाडलं. मी चिकटवून घेतलं, पण नीट बसलं नाही. नवीन घेईन म्हणत होते, पण तुला विचारल्याशिवाय कसं घेणार.

"बावीस वर्षं ती माझी भांडी धूत होती," झेनाइजी म्हणाल्या. "आणि झाकणासाठी मी रागावेन म्हणून तिला धाकधूक होती."

मी विचारलं, मग नाव घेतलं की उठून जायची ते काय. त्यांनी डोळे पुसले. तेही विचारलं होतं त्यांनी. म्हातारी म्हणाली, उठून जायचे ते रडू यायचं म्हणून, दुसरं काय.

त्या दिवशी त्या माझ्याकडे दोन वेळा जेवल्या. आमटी-भात, वर भरपूर तूप. फरशीवरच बसून. माझा नवरा बाजारातून आला तर त्यालाही त्यांनी खाली बसवलं आणि झाकणाची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली.

पुढचं सगळं सोपं होत गेलं, याचं मला अजून नवल वाटतं. मार्लेननी आठ आठवड्यांची रजा दिली. मांय इल्झांचा खुबा जुळून आला, काठी घेऊन का होईना त्या चालायला लागल्या. जानेवारीत सातव्या वर्षाचा विधी झाला, बावीस वर्षं उशिरा. त्यात काय झालं ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. एवढंच कळलं, की ओशून आली. त्यांना अर्थातच काही आठवत नव्हतं. पण तिथल्या बायकांनी सांगितलं, की ती इतका वेळ नाचली, की शेवटी मांय इल्झांनी काठी आपटून तिला बस म्हटलं. हे सांगताना झेनाइजी दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तशा सांगत होत्या, थोड्या लाजून.

परत आल्या तेव्हा त्यांच्यात काही मोठा बदल दिसला नाही. बटाटे तसेच सोलायच्या, मला तशाच रागवायच्या. फक्त एक झालं. मला ग्रोनिंगनच्या एका प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि मी जायला घाबरत होते. शेवटच्या आठवड्यात भांडी घासून झाल्यावर त्यांनी हात पुसले, मला स्टुलावर बसवलं आणि आपला तळवा माझ्या टाळूवर ठेवला. काही पुटपुटल्या. जड, गरम, थोडासा कांद्याचा वास येणारा हात. आता चालतं, असं त्या म्हणाल्या.

मी ग्रोनिंगनला गेले. वर्षभराने त्यांनी वेळेआधीच निवृत्त होऊन बाहियाला परत जायचं ठरवलं. मांय इल्झांना आता हाताशी माणूस हवं होतं, आणि वडीलधारी म्हणून यांचीच पाळी होती. निघायच्या दिवशी मी पहाटेची गाडी धरून आइंडहोव्हनला आले. दोन मोठ्या बॅगा, एक पिशवी. स्टेशनवर विमानतळाच्या गाडीत सामान चढवताना आम्ही दोघीही धापा टाकत होतो, त्यामुळे निरोपाचं बोलणं राहूनच गेलं. त्यांनी फक्त माझे गाल धरून हलवले आणि आत गेल्या. दारं लागली.

खिडकीजवळची जागा त्यांना मिळाली होती. समोर एक तरुण सूटबूटवाला, कानात हेडफोन, मांडीवर लॅपटॉप. यांची बॅग त्याच्या गुडघ्यांना लागत होती. मी फलाटावर उभी राहून हात वर केला. त्या पिशवीत काहीतरी शोधत होत्या. एक संत्रं निघालं. त्यांनी ते सोलायला घेतलं, साल रुमालावर ठेवली, आणि अर्धं तोडून त्या माणसापुढे धरलं. त्याने मान हलवून नको म्हटलं. त्यांनी हात मागे घेतला नाही. गाडी हलली तेव्हा त्याने हेडफोन काढले होते, एक फोड तोंडात घातली होती, आणि झेनाइजी त्याला काहीतरी सांगायला लागल्या होत्या, हातवारे करून, त्यांच्या त्या डचमध्ये. माझ्याकडे बघायला त्यांना सवड नव्हती. मी तरीही हात हलवत राहिले, आणि मग कॉफी प्यायला गेले.